केसो: मैद्याशिवाय चीज-टोमॅटोचं डिप

टेक्ससमध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, बघायला चार टाळकी जमली की टेबलावर केसो हवंच. जिन्नस दोनच: ४५० ग्रॅम व्हेल्व्हीटा हे प्रोसेस्ड चीज आणि रो-टेलचा टोमॅटो-मिरचीचा एक डबा, साधारण २८० ग्रॅमचा. कार्ल रोटेल यांनी १९४०च्या दशकात टेक्ससमधल्याच एल्सा गावी हे डबे भरायला सुरुवात केली.

चीजचे तुकडे करा, टोमॅटो रसासकट ओता, मंद आचेवर ढवळत राहा. झालं!

प्रोसेस्ड चीजच का? त्यातल्या सायट्रेट, फॉस्फेटसारख्या क्षारांमुळे चीज फाटत नाही. नुसतं चेडर वितळवलं तर तूप वर, चिवट गोळा खाली. मग ते सावरायला लोक मैदा घालतात आणि गव्हातलं ग्लुटेन तिथूनच शिरतं.

सोबत निव्वळ मक्याचे चिप्स घ्या. 'मल्टिग्रेन'मध्ये गहू असू शकतो. आपलं साधं प्रोसेस्ड चीज, टोमॅटो आणि हिरवी मिरची घेऊनही छान होतं (मला तर तेच जास्त आवडतं). वरून जिऱ्याची फोडणी चालेल, पण हिंग जपून: डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गार होऊन घट्ट झालं तर थोडं दूध घालून पुन्हा गरम करा.