भट्टीच्या खोलीत कोणता पंखा लावावा?



आजचा विषय पाठ्यपुस्तकात नाही, पण आठवी-नववीच्या विज्ञानातले निदान तीन-चार धडे त्यात येऊन जातात. प्रश्न आला तो एका पालकांकडून. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलेच. ते चहाचे कुल्हड आणि कुंड्या भाजतात. भट्टी गॅसची, पत्र्याच्या शेडमध्ये. उकाडा आणि धूळ बाहेर जावी म्हणून त्यांनी भिंतीत स्वयंपाकघरात असतो तसलाच, फक्त मोठा, एक्झॉस्ट पंखा बसवला. एप्रिलमध्ये बसवला, मे संपायच्या आत जळला. दुकानदार म्हणाला, व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल. दुसरा आणला, तोही गेला. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे आणि शाळा सुटली की तो त्याच शेडमध्ये अभ्यासाला बसायचा. त्यामुळे मला हा नुसता पंख्याचा प्रश्न वाटला नाही.

आधी पंखा का जळला ते पाहू. कारखान्यात वापरतात त्या मोटारीवर माहितीची एक धातूची पट्टी असते. तिच्यावर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ती मोटार साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेली असते. आता आपला मे महिना डोळ्यांसमोर आणा. भट्टी पेटवायच्या आधीच बाहेर ४५ असतं! शेडमध्ये, तेही भट्टीच्या वरच्या बाजूला, किती होत असेल? मोटारीच्या आतल्या तांब्याच्या तारेवर जे विद्युतरोधक आवरण असतं, ते ठरावीक तापमानापर्यंतच टिकतं. क्लास बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की या आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. त्यात मातीची धूळ मोटारीवर बसली की तिने जणू गोधडीच पांघरली. आतली उष्णता बाहेर पडत नाही.

म्हणून पंखा घेताना पहिला प्रश्न हा विचारा: मोटार कुठे आहे? घरगुती एक्झॉस्टमध्ये ती पात्यांच्या मधोमध, म्हणजे सगळी गरम, धुळकट हवा तिच्याच अंगावरून जाते. भट्टीसाठी मोटार हवेच्या वाटेबाहेर असलेला आणि पट्ट्याने फिरणारा पंखा घ्यावा. पट्ट्यावर जाळीचं झाकण हवंच. ओढणी, पदर अडकायला क्षण पुरतो. इन्सुलेशन एफ किंवा एच. आणि पट्टीवर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे असतात, त्यातला पहिला धुळीचा: ५ म्हणजे धूळ आत गेली तरी काम बिघडण्याइतकी जाणार नाही, ६ म्हणजे अजिबात जाणार नाही. दुसरा आकडा पाण्याचा. आयपी ५५ च्या खाली जाऊ नये असं माझं मत. पाती प्लॅस्टिकची नकोत, लोखंडी असावीत.

आता धूळ. मातीची धूळ पेट घेत नाही, पण कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, धानाचा कोंडा हवेत उडाला तर ठिणगीने भडकू शकतो. असं इंधन वापरत असाल तर ठिणगी न उडणारी पाती आणि अशा पेट घेणाऱ्या धुळीसाठी बनवलेली मोटार हवी, आणि तिथे जाणकार माणसालाच विचारा. मातीची धूळ जळत नाही म्हणून निरुपद्रवी मात्र नाही. तिच्यात सिलिका असते. तिचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं हे चाललं तर सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही.

इथे एक प्रयोग वर्गात जरूर करा. मेणबत्ती लावा आणि हातभर अंतरावरून फुंका. विझते. आता त्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून विझवायला सांगा. मुलं गाल आत ओढून ओढून दमतात, ज्योत हलतसुद्धा नाही! पंख्याचंही तसंच. ढकललेल्या हवेचा वेग पंख्याच्या व्यासाच्या सुमारे ३० पट अंतरावर जाऊन दहाव्या हिश्श्यावर येतो. ओढलेल्या हवेचा मात्र एका व्यासाएवढ्या अंतरातच. म्हणजे खोलीच्या पलीकडच्या भिंतीतला पंखा तुमच्या चाकाजवळची धूळ ओढून नेईल, ही आशा सोडा. धूळ उडते तिथेच, हातभर अंतरावर, ओढणारं तोंड हवं. आणि उभा पंखा लावून धूळ ‘उडवून लावणं’ म्हणजे ती सगळ्यांच्या नाकात वाटणं. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. शिवाय ४० अंशांच्या वर पंख्याची हवा अंगाला थंड करत नाही, उलट तापवते.

दुसरी चूक याहून धोक्याची. पंखा जोरदार, पण खिडक्या-दारं बंद. पंखा हवा बाहेर फेकतो, मग तेवढी हवा आत कुठून येणार? वाट नसेल तर भट्टीच्या धुरांड्यातून उलटी येते, आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो ऊन लागलं. म्हणून पंखा वर, आणि समोरच्या भिंतीत खाली, पंख्याच्या तोंडापेक्षा मोठं, कायम उघडं झरोकं.

ज्यांच्याकडे धुरांड्यातच ओढणारा पंखा आहे, जसा झिगझॅग वीटभट्टीत असतो, त्यांच्यासाठी एक गणित. २० अंश म्हणजे २९३ केल्विन. तेव्हा एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.२ किलो. ३१३ अंश म्हणजे ५८६ केल्विन, बरोबर दुप्पट. तेव्हा तीच हवा ०.६ किलो. पंखा घनमीटर तेवढेच ओढतो, पण वजन निम्मं, म्हणून मोटारीवरचा भारही निम्मा. गरम हवेचा हिशोब करून लहान मोटार घेतली आणि सकाळी थंड भट्टीवर सुरू केली, तर तिच्यावर दुप्पट भार! म्हणून डँपर म्हणजे झडप मिटवून पंखा सुरू करायचा आणि भट्टी तापेल तशी उघडायची. नववीच्या मुलांना हे गणित घालून बघा, वायूंचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आमच्या पालकांनी शेवटी पट्ट्याचा पंखा वर बसवला, समोर दोन झरोकी पाडली, अर्थिंग आणि ईएलसीबी करून घेतला, आणि पंखा पुसताना वीज तोडता यावी म्हणून त्याच्याजवळच वेगळा स्विच लावला. मुलगा आता ओसरीवर अभ्यास करतो. एक गोष्ट तरी मी त्यांना दोनदा सांगितली, तुम्हालाही सांगतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वरचा पंखा त्याला हातही लावत नाही. गॅसचा वास आला तर पंख्याचं बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. जाता जाता हाताशी असेल तर सिलिंडर बंद करायचा, दार सताड उघडायचं आणि आधी मुलांना बाहेर काढायचं.