लसीचं कार्ड एकदा नीट वाचूया

ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, त्या घरातल्या कपाटात एक फाइल असतेच. तिच्यात जन्माचा दाखला, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि घड्या घालून घालून फाटायला आलेलं लसीकरणाचं कार्ड असतं. त्या कार्डावर तारखा, सह्या आणि बाटलीवरून काढून चिकटवलेली छोटी लेबलं. आपण ते कार्ड डॉक्टरांच्या हातात देतो, परत घेतो आणि फाइलमध्ये ठेवतो. वाचत मात्र क्वचितच. आणि तरीही त्याच कार्डावरून अनेक घरांत मोठे वाद होतात.

माझी एक मावसबहीण मियापूरला राहते. तिचा मुलगा सतरा महिन्यांचा होता आणि पंधराव्या महिन्यात द्यायचा एमएमआरचा दुसरा डोस राहिला होता. कुठल्याशा ग्रुपवर तिने वाचलं होतं की या लसीनंतर एका मुलाचं बोलणंच थांबलं. नवरा म्हणत होता, देऊन टाकू. सासूबाई म्हणत होत्या, बोलायला लागू दे, मग बघू. ती मला म्हणाली, "दादा, तू दिवसभर आकड्यांत असतोस. तूच सांग काय खरं ते."

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. कुठली लस द्यायची हे ठरवणं माझं काम नाही. पण आकडे कसे वाचायचे आणि प्रश्न कसे विचारायचे, एवढं मला जमतं. तिच्यासाठी जे जमवलं, वाचलं, आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं, तेच इथे मांडतो आहे.

"आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लसी?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच घरातल्या मोठ्या माणसांकडे असतं. आजीला विचारा, तिच्या आईची बाळंतपणं किती झाली आणि हाताशी किती मुलं लागली. आठ झाली, पाच जगली, असं उत्तर जुन्या घरांत सर्रास मिळतं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर ही नावं त्या पिढीला पुस्तकातून कळलेली नव्हती. जी मुलं गेली त्यांची आठवण सांगायला कुणी उरलं नाही, आणि जी राहिली ती आज म्हणतात, आम्हाला कुठे काय झालं?

आपल्या देशातलं पहिलं लसीकरण मुंबईत झालं, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. लस होती देवीच्या रोगावरची. मुंबईहून ती पुढे पुणे, सुरत, मद्रास आणि आपल्या हैदराबादलाही पाठवली गेली. म्हणजे या शहराची आणि लसीची ओळख दोनशे वर्षांहून जुनी आहे. देवी १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. पोलिओचा नैसर्गिक विषाणूमुळे झालेला आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आपल्या वर्गात कॅलिपर लावून येणारा एखादा मुलगा असायचा. आपल्या मुलांच्या वर्गात तो नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला

आता मावसबहिणीच्या मुख्य भीतीकडे. एमएमआर आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा एक लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. अभ्यास होता फक्त १२ मुलांचा. पुढे त्यातल्या नोंदी खऱ्या माहितीशी जुळत नसल्याचं उघड झालं, २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं.

त्यानंतर अनेक देशांनी हा प्रश्न पुन्हा तपासला. डेन्मार्कमध्ये प्रत्येक मुलाची लस आणि आजार यांची नोंद राष्ट्रीय पातळीवर असते. तिथला ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. ज्यांच्या भावंडांना ऑटिझम होता, त्या मुलांमध्येही नाही.

मग त्या आईला जे दिसलं ते खोटं का? नाही. तिला दिसलं ते तिने सांगितलं. ऑटिझमची लक्षणं आईवडिलांच्या लक्षात यायला लागतात ती साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान. मूल हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही, शिकलेले शब्द बोलत नाही. एमएमआरचा दुसरा डोस त्याच वयात येतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. फांदी कावळ्यामुळे तुटली का, हे एका झाडाकडे बघून कळत नाही. त्यासाठी कावळा न बसलेल्या हजारो फांद्याही मोजाव्या लागतात. डेन्मार्कने नेमकं तेच केलं.

आणि मुलाच्या बोलण्याबद्दल शंका असेल, तर लस लांबवणं हा उपाय नाही. विकासाची तपासणी लगेच करून घ्यायची. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करता येतात.

पंधरातले चौदा

गोवर हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. आपण १५ धरू. साथ पसरू नये असं वाटत असेल, तर एका रुग्णाकडून पुढे एकापेक्षा कमी लोकांना लागण व्हायला हवी. म्हणजे त्या पंधरांपैकी किमान चौदा जण सुरक्षित हवेत. १४ भागिले १५ म्हणजे ९३ टक्के. म्हणून आरोग्य खातं ९५ टक्क्यांचा आग्रह धरतं. हा आकडा हवेतून आलेला नाही, तिसरीच्या गणितातून आलेला आहे.

आता पहिला डोस नऊ महिन्यांचा. त्या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अजून थोडी शिल्लक असू शकते आणि ती लसीला पुरतं काम करू देत नाही. त्यामुळे नवव्या महिन्यातल्या डोसाने शंभरातली सुमारे ८५ मुलं सुरक्षित होतात. उरलेली पंधरा कोण, ते बाहेरून कळत नाही. दुसरा डोस त्या पंधरांसाठी असतो. 'एक झालाय ना, पुरे' असं म्हणणाऱ्या घरातलं मूल त्या पंधरात आहे की पंच्याऐंशीत, हे कुणालाच ठाऊक नसतं.

यात आणखी एक बाळ आहे, ज्याच्याबद्दल आपण बोलत नाही. आपल्याच सोसायटीतलं, लिफ्टमध्ये भेटणारं, चार महिन्यांचं. त्याचं लसीचं वय अजून झालेलं नाही. त्याचं संरक्षण सध्या आपल्या मुलांच्या कार्डावर आहे. मुंबईत २०२२ च्या शेवटी गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि त्यात मुलं दगावली. तेव्हा नऊ महिन्यांहून लहान बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरवावं लागलं होतं. गोवर म्हणजे 'अंगावर निघून जाणारं' दुखणं नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, हजारात सुमारे एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते, आणि आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही काही काळ पुसली जाते.

लसीत धोका नसतोच का?

असतो. हे लपवलं की लोकांचा विश्वास उडतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

एमएमआरनंतर सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान काही मुलांना ताप येतो, कधी अंगावर पुरळ दिसतं. तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापाची झटका येते. बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, पण बहुधा त्याने मुलाचं कायमचं नुकसान होत नाही. जीवघेणी अ‍ॅलर्जी साधारण दहा लाखांत एक. ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत दिसते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबवतात. 'पार्किंगचा प्रॉब्लेम आहे' म्हणून तो अर्धा तास चुकवू नका.

धोका खरोखर जास्त निघाला तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची 'रोटाशील्ड' ही लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. साधारण दहा हजार बाळांमागे एकाच्या आतड्यात आतडं अडकतं, असं नोंदींतून दिसलं. वर्षभरात, १९९९ मध्ये, ती बाजारातून काढून घेतली गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झाल्यावरही मॉनिटरिंग चालू होतं आणि दोष पकडला गेला. म्हणूनच लसीनंतर काही वेगळं घडलं तर डॉक्टरांना कळवायचं. ती तक्रार वाया जात नाही.

त्यानंतर त्याच रोगावरची 'रोटाव्हॅक' आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केली. तिची चाचणी दिल्ली, पुण्याजवळचं वढू आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली. पहिल्या वर्षात रोटाच्या तीव्र जुलाबांविरुद्ध परिणामकारकता सुमारे ५६ टक्के. 'म्हणजे शंभरातली ४४ मुलं आजारी पडणारच', असा अर्थ अनेक जण काढतात. तो चुकीचा आहे. लस न घेतलेल्या गटात १०० मुलांना तीव्र आजार झाला असेल, तर तेवढ्याच मोठ्या लस घेतलेल्या गटात तो ४४ मुलांना झाला. ज्या आजाराने सलाईन लावायची वेळ येते, त्यात निम्म्याहून जास्त घट ही लहान गोष्ट नाही.

हे सगळं मावसबहिणीसमोर मांडलं आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिला लिहून दिले. निर्णय त्या दोघांनी घेतला. पुढच्या शनिवारी डोस झाला. आठव्या दिवशी मुलाला ताप आला, दोन दिवसांत उतरला. ताप येऊ शकतो हे आधी माहीत असल्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही, सासूबाईसुद्धा नाहीत.

सरकारी की खासगी?

आपल्या आयटीवाल्या वर्तुळात सरकारी केंद्र म्हणजे दुय्यम असा समज आहे. तो सोडायला हवा. राष्ट्रीय कार्यक्रमात बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोनियावरची पीसीव्ही, गोवर-रुबेला या लसी मोफत मिळतात. पीसीव्ही २०२१ पासून देशभर मिळते. खासगीत तिच्या एकेका डोसाला काही हजार रुपये पडतात.

फरक आहेत, ते समजून घ्यावेत. सरकारी गोवर-रुबेलात गालगुंडाची लस नसते, एमएमआरमध्ये असते. खासगीतल्या 'पेनलेस' लसीने ताप आणि सूज कमी येते, पण डांग्या खोकल्याविरुद्धचं तिचं संरक्षण जुन्या लसीपेक्षा लवकर ओसरतं. टायफॉइड, कांजिण्या, फ्लू यांच्या लसी बालरोगतज्ज्ञ सुचवतात. त्या का आणि कधी, हे विचारून ठरवावं. मोफत लसी सरकारी केंद्रात घेऊन बाकीच्या खासगीत घेणं यात काहीही कमीपणा नाही. फक्त कार्ड एकच ठेवा.

दवाखान्यात जाताना

- राहिलेला डोस म्हणजे बिघडलेला कोर्स नव्हे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. मात्र काही लसींना वयाची मर्यादा असते. रोटाचा पहिला डोस वर्ष उलटल्यावर देत नाहीत.
- साधी सर्दी, किरकोळ खोकला, थोडे पातळ शी होणं, यासाठी लस पुढे ढकलायची गरज नसते. आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्तीचा आजार, स्टेरॉइडचं औषध चालू असणं या गोष्टी मात्र आधी सांगा.
- बाटली दाखवा, असं विनासंकोच म्हणा. एक्स्पायरी बघा. सरकारी बाटलीवर गोलात एक चौकोन असतो. आतला चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. रंग सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला, तर ती वापरायची नाही; तिला उष्णता लागली आहे.
- गोवर-रुबेला आणि बीसीजीची बाटली पावडर कालवल्यावर चार तासांत संपवायची असते. 'किती वाजता उघडली?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.
- टोचलेल्या जागी तेल, हळद लावू नका, चोळू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो, ते अपेक्षित आहे.
- तापाच्या औषधाचं प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं. ते निघतानाच लिहून घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसावं लागत नाही.

या सगळ्याला फार वेळ लागत नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती फाइल काढा, कार्डाचा फोटो घेऊन दोघांच्याही फोनमध्ये ठेवा आणि पुढच्या डोसाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. कार्डावर कुठे रिकामी जागा दिसली, तर सोमवारी डॉक्टरांना फोन करा. ग्रुपवर विचारण्याआधी.