घरपोच मालाची तक्रार कोठे व कशी करावी



मागच्या हंगामात गळीत ऐन भरात असताना आमच्या शेतकी कार्यालयात एक सभासद आले. तक्रार तोडीची असेल, नाहीतर लागणीच्या नोंदीची, असे धरून आम्ही वही पुढे ओढली. त्यांनी पिशवीतून फवारणीचा पंप काढला आणि टेबलावर ठेवला. पंप बॅटरीवर चालणारा, मुलाने मोबाईलवरून मागवलेला, किंमत २,६५० रुपये. आला तो चार्जच होईना. मुलाने कंपनीचा तक्रारीचा नंबर मोबाईलवर शोधला आणि जो पहिला दिसला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. पैसे आत्ताच परत करतो म्हणाला, त्यासाठी एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावले आणि आलेला आकडा विचारून घेतला. दहा मिनिटांत खात्यातले ४८,००० रुपये गेले. सोसायटीची वसुली वजा जाता उसाच्या पहिल्या हप्त्यातले जे हाती राहिले होते, तेच ते पैसे.

"साहेब, यात कारखान्याला काही करता येतंय का बघा," असे ते म्हणाले. आम्हाला उत्तर देता आले नाही. नंबर खोटा होता एवढे उघड होते. पण खरा नंबर कोठे असतो, हे तरी आम्हाला कोठे ठाऊक होते? बेणे, खत, हुमणी यांवर आम्ही तासभर बोलू. या बाबतीत आम्हीही त्या मुलाइतकेच अडाणी निघालो.

गळीत संपल्यावर घरच्या कामासाठी मुंबईस जाणे झाले, तेव्हा पवईला बहिणीच्या मुलीकडे चार दिवस राहिलो. ही मुलगी एका मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर पत्रकार आहे. तिच्या बातम्या कागदावर छापल्या जात नाहीत. लिहिणे, चित्रफीत काढणे, आवाज देणे, सगळे मोबाईल आणि संगणकावरच. कामाला बाहेर पडते ती सकाळी आठला आणि परतते रात्री नऊला, कधी दहाला. दुकानात जायला वेळ नाही. त्यामुळे माईक असो, कॅमेऱ्याची तिकाटणी असो की घरातली तूरडाळ, सगळे खोक्यातून येते.

पवई म्हणजे आयआयटीचे गाव. ही संस्था १९५८ सालची आणि तिच्या शेजारचा तलाव १८९१ चा. मुंबईला पाणी पाजायला तो बांधला, पण ते पाणी पिण्यालायक राहिले नाही. सभासदांना ऐकून गंमत वाटेल, एकोणिसाव्या शतकात फ्रामजी कावसजी नावाच्या पारशी गृहस्थांनी याच पवईच्या जमिनीत ऊस लावला होता. आज तिथे उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या फाटकाशी दिवसभर मोटारसायकलींची रांग लागलेली असते. आपल्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर जसे नंबर धरून थांबतात तशीच. पाठीवर मोठी पिशवी घेतलेली पोरे, पहारेकऱ्याची वही, फोनवर येणारा आकडा, की चालला खोका वर. आम्ही एका संध्याकाळी अर्धा तास खाली बसून मोजले, बावीस पोरे येऊन गेली.

तिच्या शेजारी राहणाऱ्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला वेगळीच हकीकत सांगितली. घरपोच माल मुंबईला नवा नाही, म्हणाल्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली स्थापन झाली. सभासद कुटुंबांचे लहान लहान संघ करायचे, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यायची, माल संघातल्या एका घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. हे काम अजूनही चालू आहे. सहकाराचेच काम ते, आपल्याला निराळे समजावून सांगायला नको. डाळीत खडे निघाले तर सांगायचे कोणाला, हे तिथे प्रत्येक बाईला माहीत असते, कारण माणूस ओळखीचा. खोक्यातून येणाऱ्या मालाला असा ओळखीचा माणूस नाही. सगळी अडचण तिथेच आहे, आणि लबाड लोक नेमके त्याच जागी येऊन बसले आहेत.

आता मोबाईलवरचे दुकान म्हणजे काय ते पाहू. सभासदांनी ते दुकान न समजता बाजार समितीचे आवार समजावे. समिती माल विकत नाही. जागा देते, काटा देते, व्यवहार आडत्या करतो. तसेच मोठ्या कंपनीच्या नावावर आपण पंप घेतो, पण विकणारा बहुधा कोणी दुसराच असतो. मालाच्या चित्राखाली बारीक अक्षरांत त्याचे नाव असते. केंद्र सरकारने २०२० साली ई-व्यापाराचे नियम केले. त्यांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता, तक्रारीचा नंबर आणि माल कोणत्या देशात तयार झाला हे दाखवावेच लागते. ही माहिती जिथे नाही तिथे पैसे भरू नयेत. माल परत घेण्याची मुदतही तिथेच लिहिलेली असते. कोठे सात दिवस, कोठे दहा, काही वस्तूंना मुळीच नाही. आपण किंमत पाहतो आणि बटण दाबतो.

भाचीलाही फटका बसलेला होता. तिने ३,८०० रुपयांचा माईक मागवला, आणि खोक्यात निघाला कोणाचा तरी वापरलेला, तार तुटलेला. पण तिची एक सवय आहे: महागाची वस्तू आली की खोका न फोडता आधी मोबाईलचा कॅमेरा चालू करायचा. खोक्यावरची चिठ्ठी, चिकटपट्टी, फोडणे, आतला माल, सगळे एका दमात टिपून ठेवायचे. आपण गाडी खाली करण्यापूर्वी वजन करतो ना, त्यातलाच हा प्रकार. गव्हाणीत पडलेल्या मोळीचे वजन मागून कोण मान्य करील?

मग तिने तक्रार कशी केली ते आम्ही शेजारी बसून तिच्या जुन्या नोंदींवरून समजून घेतले. तिने नंबर शोधला नाही. ज्या पानावरून माईक मागवला त्याच पानावर, त्याच मागणीच्या खाली, मदतीचे बटण असते. तिथूनच ती आत गेली. आधी यंत्र बोलते. ठरावीक उत्तरे देते आणि माणसाला वैताग आणते. तिथे न रागावता 'माणसाशी बोलायचे आहे' असे लिहीत राहावे. पुढे माणूस येतो, पण तोही कोठल्या तरी दूरच्या गावी बसलेला नोकरदार. त्याच्यासमोर आपला मागणी क्रमांक आणि चार बटणे, एवढाच त्याचा अधिकार. त्याला शिव्या देऊन काही हलत नाही. आपल्या चिटबॉयवर ओरडून कारखान्याचा तोडणी कार्यक्रम बदलतो का?

म्हणून भाचीने बातमी लिहावी तसे लिहिले होते. मागणी क्रमांक, माल कधी आला, काय बिघाड आहे, काय हवे आहे. चार ओळी, सोबत फोटो. शेवटी तक्रार क्रमांक मागून घेतला आणि त्या संभाषणाचे चित्र मोबाईलात ठेवले. विक्रेत्याने पहिल्यांदा 'चौकशी करून दावा नाकारला' असे कळवले. तेव्हा तिने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिले. हा अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव दाखवणे नियमाने बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात निकाल लावायचा. आपल्या उसाच्या पैशाला १४ दिवसांची मुदत आणि पुढे १५ टक्के व्याज, हा नियम सभासदांना तोंडपाठ आहे, आणि तो आम्हाला ऐकवलाही जातो. हा ४८ तासांचा नियमही तसाच पाठ करावा. भाचीचे पैसे बाराव्या दिवशी परत आले.

एवढ्यानेही भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी मोठी पंचाईत अशी होती की विक्रेता दिल्लीचा असेल तर खटला कोठे लावायचा. २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला आणि आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार चालते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. अर्ज घरबसल्या सरकारच्या ई-जागृती संकेतस्थळावर करता येतो. ते २०२५ च्या जानेवारीपासून सुरू आहे.

आता पैसे गेले असतील तर काय? ही तक्रार निराळी, तिचा नंबर निराळा: १९३०. पैसे गेल्याचे कळताच, जेवण बाजूला ठेवून, हा फोन लावावा आणि लगोलग बँकेला कळवावे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेतो. वाटेत अडवता आले तर अडवतात, एकदा हातात रोख निघाली की संपले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असे सांगितले आहे की, ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आपले सभासद घरात बोलणी बसतील या भीतीने दोन दिवस गप्प राहिले. मुलगाही गप्प राहिला. ते दोन दिवस फार महाग पडले. अशा वेळी घरच्यांनीही पोराला आधी फोन लावू द्यावा, शिव्या मागून द्याव्यात.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायलाच. 'परतावा घ्यायला पिन टाका' म्हणणारा माणूस चोर, मग तो कितीही शुद्ध मराठी बोलो. तसेच आपला मोबाईल दुसऱ्याला दिसू लागेल असे कोणतेही अ‍ॅप कोणाच्या सांगण्यावरून उतरवून घेऊ नये.

शेतीच्या मालाविषयी थोडे. कीटकनाशके परवानाधारक विक्रेत्याने मोबाईलवरून विकायला २०२२ च्या नोव्हेंबरपासून मुभा आहे. बिल घ्यावे, बिलावर बॅच नंबर आहे का पाहावे, डबा आल्यावर तो ताडून घ्यावा. अनुदानाचे खत परवान्याच्या दुकानात पॉस यंत्रावर अंगठा देऊन मिळते, तेव्हा मोबाईलवर स्वस्त युरिया दाखवणाऱ्याच्या नादी लागूच नये. आणि ऊस बेणे चित्र पाहून मागवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. को ८६०३२ चे चित्र आणि दुसऱ्या कशाचे चित्र आम्हाला तरी मोबाईलवर ओळखता येत नाही. बेणेमळ्यात यावे, कांडी हातात घेऊन पाहावी.

आम्ही गावी परतल्यावर त्या सभासदांच्या मुलाला बोलावून घेतले. परत घेण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती, पण बिल मोबाईलात शाबूत होते. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये असे नियमातच आहे. तोच आधार घेऊन त्याच पानावरून तक्रार केली, मग तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिले, १९१५ वर नोंद केली. पंपाचे २,६५० रुपये जूनअखेर परत आले. ४८,००० रुपये आलेले नाहीत. पोलिसांत नोंद आहे, पाठपुरावा चालू आहे. आडसाली लागणीच्या खतासाठी त्यांना पुन्हा सोसायटीकडे जावे लागले.

असा प्रसंग कोणा सभासदावर आला असेल तर गट कार्यालयात गुरुवारी सकाळी आम्ही भेटतो. येताना मागणी क्रमांक, बिल आणि ज्या मोबाईलवरून मागवले तो मोबाईल आणावा. आणि मागवणारा मुलगा वा सून यांनाच सोबत घेऊन यावे. पैसे गेले असतील तर मात्र गुरुवारची वाट पाहू नये.