अजून तारीखच चालू आहे

ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर वाड्याची गाडी रिकामी होते, तेव्हा उतरणाऱ्यांत एखादं माणूस असं असतं की त्याला ना बाजार करायचा असतो, ना दवाखाना गाठायचा असतो. ते आधी रिक्षावाल्याला विचारतं, मग आपल्याला. "जेल कुठल्या अंगाला?" गेल्या महिन्यात मला हे विचारलं साठीच्या एका बाईंनी. हातात कापडी पिशवी, तिच्यात धुऊन घडी केलेले दोन शर्ट, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्ड नि सातबारा. मुलाच्या मुलाखतीला निघाल्या होत्या. मी टेंभी नाक्यावरचा रस्ता सांगितला आणि बोलून गेले, "किती वर्षांची झालीय शिक्षा?"

"शिक्षा कुठची ताई? अजून तारीखच चालू आहे."

मुलगा सव्वादोन वर्षं आत होता.

राज्यसंस्थेने माणसाला कोंडून ठेवावं ते कोणत्या अधिकाराने, या प्रश्नावर जगभरच्या विचारवंतांनी डोकं झिजवलं आहे. कांट म्हणतो, गुन्हेगाराने केलेल्या कृत्याचं देणं त्याच्याकडून वसूल झालंच पाहिजे, त्यातून समाजाचा फायदा होवो न होवो. बेंथमला हे पटत नाही. त्याच्या लेखी शिक्षा हीसुद्धा एक इजाच. तिच्यामुळे पुढची मोठी इजा टळणार असेल, इतरांना जरब बसणार असेल, तरच ती क्षम्य. तिसरी वाट सुधारणेची, आणि ती आपल्या घरची आहे. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. भिंत नसलेली ही कैद्यांची वसाहत, जिथे शिक्षा झालेली माणसं शेती करत राहिली. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला.

या तिन्ही वाटा वेगवेगळ्या, पण सुरुवात एकाच पायरीपासून होते. गुन्हा सिद्ध झाला पाहिजे. ज्याने केलंच नसेल त्याच्याकडून देणं कसलं वसूल करायचं, आणि सुधारायचं तरी काय? वाड्याच्या त्या बाईंचा मुलगा या पायरीच्या अलीकडेच उभा आहे. जेलच्या बोलीत त्याला 'कच्चा कैदी' म्हणतात, सरकारी कागदावर 'न्यायाधीन बंदी'.

हा अपवाद असता तर मी लिहायला बसले नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्ची. शंभरातली जवळपास शहात्तर. म्हणजे ज्याला आपण शिक्षेची जागा समजतो, तिथली बहुतेक माणसं शिक्षा न झालेली आहेत. ठाण्याच्या काय किंवा कल्याणच्या आधारवाडीच्या काय, बराकींतली दाटी मुख्यतः यांचीच.

त्यात एक गोष्ट मला फार छळते. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख माहीत असते. चांगल्या वर्तणुकीची माफी मिळते, कामाची मजुरी मिळते, फर्लोवर चार दिवस घरी जाता येतं, नशिबात असेल तर खुलं कारागृह मिळतं. कच्च्या कैद्याला यातलं जवळजवळ काही नाही. कायदा त्याला निर्दोष मानतो, म्हणून सुधारायच्या सोयी त्याच्यासाठी नाहीत; पण कुलूप मात्र तेच. तारखेच्या दिवशी न्यायला पोलिसांची गार्ड मिळाली नाही की तीही तारीख गेली.

ठाण्याच्या तुरुंगाची भिंत मुळात किल्ल्याची. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला, इंग्रजांनी पुढे तुरुंग केला. इथला एक जुना आणि नामांकित बंदी म्हणजे पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. १८१५च्या जुलैत पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, आळ त्रिंबकजीवर आला, आणि इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशवा बाजीरावावर दडपण आणून त्याला ताब्यात घेतलं. १८१६च्या सप्टेंबरात तो किल्ल्यातून निसटला. भिंतीबाहेर घोडा फिरवणारा मोतद्दार गाण्यांतून त्याला निरोप द्यायचा, ही आख्यायिका सगळे रंगवून सांगतात. पण त्या कैदेत त्याच्यावर खटला असा चाललाच नाही, हे कुणी सांगत नाही. पुन्हा पकडल्यावर तो चुनारगडावर गेला आणि कैदेतच संपला. त्याने खून करवला की नाही, हे कुठल्याही न्यायासनापुढे ठरलं नाही.

मिलानच्या सव्वीस वर्षांच्या बेक्कारियाने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षांवर छोटंसं पुस्तक लिहिलं. फाशीविरोधासाठी ते आठवलं जातं, पण त्यात निकालाआधीच्या कोठडीबद्दलही स्पष्ट सांगितलं आहे. ही नुसती राखण आहे. ती होईल तितकी थोडी आणि होईल तितकी सौम्य असावी.

मग एवढी माणसं आत का राहतात? वाड्याच्या बाईंचं उत्तर त्यांच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. मुलाला जामीन तीन महिन्यांपूर्वीच मंजूर झालाय. पण जामीनदार हवा, त्याची ऐपत कागदावर दिसायला हवी, आणि यांच्या सातबाऱ्यावर पाच सामाईक नावं. कागद परत आला.

मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची हीच कथा होती. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची हमी नाकारली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं आणि गरिबाला पेलणार नाही असा जामीन मागण्यावर कडक कोरडे ओढले. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की जामीन होऊन महिनाभरात हमी भरली गेली नाही तर अट शिथिल करण्याचा विचार करा, स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको. पंचेचाळीस वर्षं गेली मधे.

या सगळ्यावर एक प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं काय? २० ऑगस्ट २०२४ला बदलापूरच्या रुळांवर लोक तासन्‌तास बसून होते, आत्ताच्या आत्ता फाशी द्या म्हणत होते. चिमुरड्या मुलींवरचा अत्याचार होता. तो संताप खरा होता, माझाही होता. २३ सप्टेंबरला त्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तो मेला त्या दिवशी पेढे वाटले गेले. पण त्याच्यावरचा खटला कायमचा बुडाला. न्यायालयाने साक्षी ऐकून 'हे याने केलं' असं म्हणणं, हा त्या मुलींचाही हक्क होता.

आणि घाईची दुसरी बाजू. नाशिक जिल्ह्यातल्या २००३च्या एका भीषण हत्याकांडाच्या खटल्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी सुनावली. मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई दिली. तोवर तुरुंगात सोळा वर्षं गेली होती. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर ती भरपाई कुणाच्या हाती ठेवायची होती?

कच्च्या कैद्यांसाठी आता नवा कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावं म्हटलं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकाहून जास्त खटले असतील तर तेही वगळून.

दुपारी त्या बाई पुन्हा स्टँडवर दिसल्या. शर्ट आत पोचले होते. वाड्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून खटल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी मोबाइलवर ई-कोर्टमध्ये नंबर टाकला. पुढची तारीख दीड महिन्यावरची होती. खाली टप्पा लिहिला होता: आरोप निश्चिती.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "आरोप कुठले लावायचे, ते ठरवायचंय म्हणे."