साठ हजार लिटर निवळी

तीस वर्षं मी बांधकामांवर देखरेख केली. त्यातला निम्मा वेळ स्लॅबला पाणी मारलं की नाही हे बघण्यात गेला. म्हणून कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला, आतेभावाच्या परसातल्या स्विमिंग पूलला नवं प्लास्टर झालं आणि लगेच त्यात पाणी सोडलं, तेव्हा मला गंमत वाटली. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी, जाडी जेमतेम १२ मिलिमीटर. हा गिलावा बुडूनच मुरतो.

पाणी सोडण्याचं सोवळं मात्र कडक. नळीच्या तोंडाला जुना टॉवेल बांधून ती सर्वांत खोल जागी ठेवली, म्हणजे धारेने ओलं प्लास्टर उकरलं जाणार नाही. आणि एकदा नळ सोडला की टाइलच्या पट्टीपर्यंत थांबायचं नाही. मध्ये खंड पडला तर तिथे कडं उमटतं, ते कायमचं. भाऊ रात्री दोनदा उठून नळ बघून आला.

तिसऱ्या दिवशी तळाशी पीठ सांडल्यासारखं दिसू लागलं. "दादा, जाईल ना हे?" तो कासावीस. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचो आणि ती दुधाळ व्हायची, तोच हा प्रकार. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. म्हणजे आपला भिजवलेला चुनाच. तो पाण्यात उतरतो, सामू भराभर चढतो आणि चुन्याचं कार्बोनेट होऊन खडूसारखी भुकटी खाली बसते. इथे निवळी साठ हजार लिटर होती, एवढंच.

पाणी किती चुना ओढणार हे त्याच्या भुकेवर ठरतं. पालो आल्टोच्या नळाला योसेमिटीतल्या हेच हेची धरणाचं, सिएरा नेवाडाच्या बर्फाचं पाणी येतं. प्यायला उत्तम, साबणाला फेस भरपूर, पण कॅल्शियम नावापुरतं. असं पाणी नव्या प्लास्टरवरच पोट भरतं. ही भूक आकड्यात मांडली विल्फ्रेड लँगेलियर यांनी, पालो आल्टोपासून फार लांब नसलेल्या बर्कली विद्यापीठात, १९३६ साली. त्यांना चिंता शहराच्या नळांची होती, गंजाची. पूलवाल्यांनी ते गणित नंतर उचललं. सामू, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र धरून निर्देशांक काढायचा. शून्य म्हणजे पाणी तृप्त. फार उणे गेला तर ते प्लास्टर खातं, फार अधिक झाला तर भिंतीवर खर धरते.

भुकटी घालवायला भरपूर ॲसिड ओतायची एक जुनी रीत आहे. भुकटी जाते खरी, पण वरचा कोवळा थरही सोबत विरघळतो. मला ती रीत पटत नाही. भावाच्या कारागिराने उलट केलं. पाणी भरत असतानाच एका बादलीतून कॅल्शियम क्लोराइड आणि बऱ्याच वेळाने दुसरीतून सोडा घातला. हो, खायचा सोडाच. सोड्यातल्या बायकार्बोनेटने चुना पृष्ठभागातच कार्बोनेट होऊन बसतो. मी उत्साहाने दोन्ही एकाच बादलीत कालवायला निघालो होतो. त्याने हात धरला. बादलीतच खडू झाला असता.

पुढे रोजचा रगाडा. सकाळ-संध्याकाळ नायलॉनच्या ब्रशने भिंती आणि तळ घासायचा. सामू ७.६ च्या वर गेला की थोडं ॲसिड. तेही बादलीत आधी पाणी, मग ॲसिड. हीटर बंद. मीठ २८ दिवस नाही. क्लोरीनच्या गोळ्या नव्या प्लास्टरवर पडू द्यायच्या नाहीत, डाग पडतात. पोरं काठावर पाय सोडून बसायची आणि हिशेब विचारायची, "काका, अजून किती दिवस?"

महिन्याअखेर पाणी २४ अंश, सामू ७.५, कॅल्शियम २००, अल्कलिनिटी ८०. निर्देशांक उणे ०.२. चालण्यासारखा. मी पुण्याला परतलो.

डिसेंबरात भावाचा फोन. पाण्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही, तरी निर्देशांक उणे ०.५. मी तापमान विचारलं. बारा अंश. थंड पाण्याला भूक जास्त. कॅल्शियम ३०० वर ने म्हटलं, आणि सामू ७.८ पर्यंत चढतोय तर चढू दे. आठवड्याने नुसता फोटो आला, कागदावर पेन्सिलीने काढलेल्या शून्याचा.