भरलेल्या टाकीचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा नागपूरहून आमच्याकडे न्यू जर्सीत आले होते. आमच्या लहान मोटारीत चार मोठी माणसे आणि दोन मुले मावणे शक्य नव्हते, म्हणून नायगारा पाहण्यासाठी नेवार्क विमानतळावरील एका कंपनीकडून सात आसनी व्हॅन तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली. प्रवास सुखाचा झाला. धबधब्याचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे, ते येथे पुन्हा करीत नाही. आमची खरी कथा परतल्यानंतर चौथ्या दिवशी सुरू झाली. ठरलेल्या भाड्याखेरीज ७५.६३ डॉलरची आणखी एक रक्कम क्रेडिट कार्डावर आलेली दिसली. बिलात खुलासा होता : टाकीत ७.१ गॅलन इंधन कमी, दर गॅलनला ९.९९ डॉलर, अधिक कर. त्या आठवड्यात पंपावर हेच पेट्रोल गॅलनमागे सव्वातीन डॉलरच्या आत मिळत होते.

आणि टाकी तर आम्ही गाडी परत करण्याच्या अर्धा तास आधी काठोकाठ भरली होती.

आमच्या मनात आलेला पहिला विचार सांगताना संकोच वाटतो. तो असा, की पैसे देऊन मोकळे व्हावे. आपल्यापैकी अनेकांना हा विचार परिचित असेल. आपण दुसऱ्याच्या देशात व्हिसावर राहतो. तक्रार केली तर कोठेतरी नोंद होईल, आणि ती नोंद ग्रीन कार्डाच्या वेळी पुढे येईल, अशी एक निराधार भीती मनात घर करून असते. रविवारी वंदनेनंतर चहाच्या वेळी विषय काढला, तेव्हा तिघांनी आपल्याकडूनही अशीच रक्कम घेतली गेल्याचे सांगितले. तिघांनीही ती निमूटपणे दिली होती. एका मित्राने तर वाद घातल्यास क्रेडिट स्कोअर घसरेल, असा इशाराही दिला. आम्ही उभयता संगणक अभियंते. दिवसभर इतरांच्या प्रणालीतील चुका शोधून पोट भरतो. तरीही त्या संध्याकाळी आम्ही जवळजवळ गप्प बसलो होतो.

बाबांनी ते होऊ दिले नाही. त्यांची सगळी नोकरी एस. टी. महामंडळाच्या आगारात लिपिक म्हणून झाली. कोणत्या बसने किती डिझेल घेतले आणि ती किती धावली, याच्या नोंदी तपासणे हे त्यांचे काम होते.

"टाकी भरली का नाही भरली, तेवढं सांगा," ते म्हणाले.

"भरली, बाबा."

"मंग काहून द्यायचे? आपण खोटं बोललो असं लिहिलंय त्या कागदावर. पैशाचं नंतर पाहू."

ज्यांनी येथे अजून भाड्याची गाडी घेतलेली नाही, त्यांच्यासाठी व्यवहाराची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गाडी बहुधा पूर्ण टाकीसह मिळते आणि तशीच परत करावयाची असते. न भरता परत केल्यास कंपनी स्वतः भरते व पंपाच्या कितीतरी पट दर लावते. तो दर करारात बारीक अक्षरांत छापलेला असतो. दुसरा पर्याय म्हणजे संपूर्ण टाकीचे पैसे आरंभीच देणे. त्यात उरलेल्या इंधनाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, त्यामुळे टाकी जवळजवळ रिकामी करून आणणाऱ्यालाच तो परवडतो. काही कंपन्या थोडेच मैल चाललेल्या गाडीवर, पंपाची पावती दाखवली नाही तर, एक ठरावीक आकारही लावतात. रात्री कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकली, तर कर्मचारी सकाळी गाडी तपासेपर्यंत तिची जबाबदारी बहुतेक करारांप्रमाणे आपलीच राहते. आम्ही नेमके तेच केले होते. रात्री अकरा चाळीसला गाडी उभी केली, झोपलेली मुले उचलली आणि किल्ली टाकून निघालो. इंधनाच्या काट्याचे छायाचित्र घेण्याचे भान राहिले नाही. ही चूक आमचीच.

पावतीही नव्हती. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पंप हाताळण्यास १९४९ पासून कायद्याने मनाई आहे. गाडीत बसून राहावयाचे, पंपावरचा माणूस टाकी भरतो, खिडकीतून कार्ड घेतो आणि परत देतो. पावती मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही. त्या घाईत आम्ही ती मागितली नव्हती.

कंपनीला दूरध्वनी केला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एका नम्र प्रतिनिधीने सांगितले, की गाडीनेच पाच अष्टमांश टाकी असल्याचे कळवले आहे, त्यामुळे वादाला जागा नाही. मात्र पुढील भाड्यावर पंचवीस डॉलरची सवलत देता येईल. आम्ही ती नाकारली. आजकालच्या भाड्याच्या गाड्या आपले मैल आणि इंधनाची पातळी जाळ्यावरून कंपनीकडे पाठवीत असतात. 'गाडीनेच सांगितले' हे उत्तर म्हणूनच अंतिम वाटते. परंतु संगणकाचे काम करणाऱ्याला येथे पुढचा प्रश्न सुचावयास हवा, आणि आम्हाला तो दूरध्वनी ठेवल्यानंतर सुचला : गाडीने सांगितले ते किती वाजता?

दरम्यान बाबांनी आपल्या पिशवीतून खिशात मावेल एवढी वही काढली. प्रवासात ते प्रत्येक पंपावर उतरत आणि काहीतरी लिहीत, हे आम्ही पाहिले होते. जुनी सवय म्हणून दुर्लक्ष केले होते. वहीत प्रत्येक वेळचा मैलांचा आकडा आणि गॅलन होते. बफेलोच्या अलीकडे ३२९ मैलांवर १३.९ गॅलन. परतताना बिंगहॅम्टनला, त्यापुढील ३१५ मैलांनंतर, १३.३ गॅलन. नेवार्कजवळ, आणखी १८२ मैलांनंतर, ७.६ गॅलन. तिन्ही वेळा टाकी पूर्ण भरलेली. भागाकार केला, तर प्रत्येक टप्प्यात गाडी गॅलनमागे सुमारे चोवीस मैल चालली होती.

मग बाबांनी कंपनीचा आकडा मांडला. नेवार्कला ७.६ गॅलन घातल्यानंतरही टाकीत ७.१ गॅलनची तूट असेल, तर बिंगहॅम्टनपासूनच्या १८२ मैलांत गाडीने १४.७ गॅलन प्यायले. म्हणजे गॅलनमागे जेमतेम साडेबारा मैल. "याच गाडीनं दोन दिवस चोवीस दिले आणि तिसऱ्या दिवशी बारा? आगारात असं दिसलं तर आम्ही डिझेल चोरीचा संशय घेत होतो," ते म्हणाले.

वहीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. गाडीची टाकी एकोणीस गॅलनची. तिच्यात ७.६ गॅलन कमी असताना काटा जवळपास पाच अष्टमांशावरच येतो. म्हणजे कंपनीकडे पोहोचलेली नोंद चुकीची नव्हती, ती शिळी होती. आम्ही पंपावर थांबण्यापूर्वीची ती शेवटची नोंद असावी. वाहनतळाच्या काँक्रीटच्या मजल्यावर गाडीला पुढची नोंद पाठवता आली नसावी, असा आमचा तर्क आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पंपावर गेलो. खिडकीतील गृहस्थांनी कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारून पावती पुन्हा छापून दिली : ७.६०२ गॅलन, रात्रीचे अकरा बारा. तीन पावत्या, बाबांच्या वहीच्या पानाचे छायाचित्र आणि 'पातळीची नोंद किती वाजताची आहे' हा प्रश्न, एवढे कंपनीला ईमेलने पाठवले. दहा दिवसांनी छापील उत्तर आले, आकारणी योग्य आहे. प्रश्नाचा उल्लेखही नव्हता.

यानंतर कायद्याकडे वळलो. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार क्रेडिट कार्डाच्या बिलातील चूक, ती ज्या बिलात प्रथम दिसली ते पाठवल्यापासून साठ दिवसांत, बँकेला लेखी कळवता येते. पत्र पैसे भरण्याच्या पत्त्यावर पाठवून चालत नाही. बिलासंबंधी चौकशीसाठी बँक वेगळा पत्ता देते. ॲपवर वाद नोंदवण्याची सोय असते, तीही आम्ही वापरली. परंतु कायद्याच्या शब्दांत लेखी सूचना अपेक्षित असल्याने रजिस्टर पत्रही पाठवले. बँकेने तीस दिवसांत पोच द्यावी आणि दोन बिलांच्या कालावधीत, फार तर नव्वद दिवसांत, निर्णय द्यावा असे बंधन आहे. तोवर वादातील रक्कम भरली नाही तरी चालते, बाकीचे बिल मात्र भरावेच लागते. त्या रकमेपायी आपल्याला थकबाकीदार म्हणून कळवण्यास बँकेला मनाई आहे. आमच्या मित्राचा इशारा म्हणूनच निराधार ठरतो. हा कायदा डेबिट कार्डाला लागू होत नाही, त्यामुळे गाडी भाड्याने घेताना डेबिट कार्ड पुढे करू नये, असे आम्ही आता सर्वांना सांगतो. एक धोका मात्र खरा आहे. बँकेमार्फत पैसे परत घेणाऱ्या ग्राहकाला काही कंपन्या पुन्हा गाडी देत नाहीत. यासाठीच आधी कंपनीशी लेखी बोलून पाहणे इष्ट. आम्हाला त्या कंपनीची गाडी पुन्हा नकोच होती, हा भाग वेगळा.

सातव्या आठवड्यात कंपनीचे दोन ओळींचे पत्र आले : "सौजन्य म्हणून" ७५.६३ डॉलर परत करण्यात येत आहेत. तोवर आई-बाबा नागपूरला परतले होते. रात्री फोनवर बाबांना वाचून दाखवले.

"सौजन्य म्हंजे? चूक झाली असं लिहिलं का त्यांनी?"

"नाही, बाबा."

"मंग अजून एक पत्र लिहा."

ते पत्रही आम्ही लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही. बाबा दर रविवारी विचारतात.