आठ रात्री, तीन शहरं

भाच्याने पाठवलेल्या यादीत पाच नावं होती: प्राग, साल्झबर्ग, व्हेनिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट. रजा आठ रात्रींची, तीही मार्चअखेरीस. "मावशी, सगळी जवळजवळच आहेत गं, नकाशात बघ." नकाशात बघितलं, आणि रेल्वेचं वेळापत्रकही बघितलं. व्हेनिसहून व्हिएन्नाला थेट गाडीने साडेसात तासांच्या आसपास लागतात. व्हेनिस तिथेच कटलं. साल्झबर्ग वाटेवरून बाजूला, तेही गेलं.

बाकीची तीन शहरं मात्र एका लोहमार्गावर ओळीने बसलेली आहेत. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं. म्हणून विमानाचं तिकीट जाण्यायेण्याचं एकाच शहराचं काढायचं नाही; मुंबईहून प्रागला उतरायचं आणि बुडापेस्टहून परत निघायचं. असं तिकीट दरवेळी महाग पडतंच असं नाही, आणि शेवटी उलटं प्रागला येण्याचा दिवस वाचतो.

गाडी दोन तास चाळीस मिनिटांची असली तरी शहर बदलायला अर्धा दिवस जातोच. सकाळी दहा-अकराला हॉटेल सोडा, बॅगा ओढत स्टेशन गाठा, उतरल्यावर नवं हॉटेल शोधा. तिथली खोली दुपारी दोन-तीनशिवाय ताब्यात मिळत नाही. पाच शहरं म्हणजे असे चार अर्धे दिवस, त्यात व्हेनिसचे दोन्ही दिवस तर जवळजवळ पूर्णच. आठ रात्रींमध्ये पुरे दिवस सातच असतात. मी आयुष्यभर बँकेत खाती जुळवली आहेत, मला हा व्यवहार तोट्याचाच दिसतो. ठरलं ते असं: प्राग तीन रात्री, व्हिएन्ना तीन, बुडापेस्ट दोन.

आता मार्चच का? नोकरीत असताना वर्षअखेरीच्या क्लोजिंगमुळे मार्चमध्ये रजेचा अर्ज द्यायची सोयच नव्हती, आणि ज्यांच्या घरी शाळकरी मुलं आहेत त्यांना परीक्षा सोडत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक ग्रूप टूर एप्रिल-मेमध्ये निघतात त्या त्याचमुळे. ज्यांना मार्च जमतो त्यांना हॉटेलं स्वस्त मिळतात आणि रांगा छोट्या. पण फोटोतला वसंत मिळेल असं समजू नये. मार्चअखेरीस या शहरांत दुपारी पारा साधारण दहा-चौदा अंशांवर, पहाटे दोन-चारवर. फॉर्सिथियाची पिवळी झुडपं फुललेली दिसतील, पण व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेतले मोठे वृक्ष अजून निष्पर्णच. त्यात प्रागच्या चार्ल्स पुलावर नदीचा वारा. जाड कोट एकच न्या, आत थर वाढवा.

तारखा ठरवताना माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, मध्ये आली. २०२६चा पाडवा १९ मार्चला. पाडव्याला घर बंद ठेवून जायचं नाही. मग गुरुवार २६ मार्चला प्रागमध्ये उतरायचं ठरलं. त्या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे चौकांमध्ये ईस्टरचे बाजार लागलेले असणार, आणि सणाच्या शनिवार-रविवारची गर्दी व्हायच्या आत, ३ एप्रिलच्या गुड फ्रायडेला, भाचा आणि भाचेसून निघालेली असतील.

वार बघितल्याशिवाय ठिकाणं ठरवू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. प्रागचं ज्यू संग्रहालय शनिवारी बंद, म्हणून ते शुक्रवारी आणि किल्ला शनिवारी. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, अगदी वाणसामानाचीही. मोठ्या स्टेशनांवरची काही तेवढी उघडी. तेव्हा रविवार प्रवासाला दिलेला बरा. सोमवारी व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम बंद, शोनब्रुन उघडं. म्हणून सोमवारी राजवाडा, मंगळवारी म्युझियममधली ब्रॉयगलची चित्रं. त्याची एवढी चित्रं जगात दुसरीकडे एकत्र नाहीत, आणि त्याच्या चित्रातले बर्फातून परतणारे शिकारी बघायला मार्चची थंडी अगदी योग्य.

त्या रविवारी, २९ मार्चला, आणखी एक गंमत आहे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन वाजतात. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही. सकाळची गाडी असेल तर हे ध्यानात हवं. आपल्याशी असलेलं साडेचार तासांचं अंतरही त्या दिवसापासून साडेतीन होतं.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. आमच्या बेतात प्राग आणि व्हिएन्ना बरोबरीत आहेत. अशा वेळी जिथे आधी उतरणार तो देश, म्हणजे चेक प्रजासत्ताक. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस, लांबलं तर पंचेचाळीस. मार्चसाठी डिसेंबरात कागद दिलेले बरे. अडचण एवढीच की रेल्वेची स्वस्त तिकिटं लवकर संपतात आणि बहुधा रद्द होत नाहीत. मी भाच्याला सांगितलं, हॉटेलं रद्द करता येतील अशी घे, आणि गाडीची तिकिटं व्हिसाचा शिक्का बघूनच काढ. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

त्या तिकिटात आपल्यासारखा बर्थ नंबर आपोआप येईल असंही समजू नका. या मार्गावर बसायची जागा राखायची तर थोडे पैसे वेगळे भरावे लागतात. बॅग स्वतःला उचलून डब्यात चढवता येईल एवढीच असावी; हमाल शोधून सापडणार नाही.

आठ दिवसांत चलनं तीन: चेक कोरुना, युरो, फोरिंट. कार्डाचं मशीन कधीकधी मोठ्या अदबीने विचारतं, पैसे रुपयांत कापू का? नाही म्हणायचं. रुपयाचा तो भाव त्यांच्या सोयीचा असतो. तिथल्याच चलनात कापू द्या.

डब्याचं म्हणाल तर ताईने पेढे काढून ठेवले होते, ते मी बाहेर काढायला लावले. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. मेतकूट आणि चटणी बॅगेत गेली. शाकाहारी माणूस प्रागमध्ये तळलेल्या चीजवर आणि बुडापेस्टमध्ये लांगोश नावाच्या लसणाच्या तळलेल्या रोटीवर तगतो, पण रोज नाही.

बुडापेस्टच्या दोन रात्री मला कमी वाटतात. तिथली पहिली मेट्रो १८९६ची, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी. तिच्यातूनच सेचेनी स्नानगृहाला जाता येतं. १९१३ साली उघडलेल्या त्या स्नानगृहाची गरम पाण्याची कुंडं उघड्यावर आहेत. बाहेर हुडहुडी आणि पाण्यातून वाफ, ही मजा मे महिन्यात नाही. पोहण्याचे कपडे मात्र न्यावेच लागतात.

राहिला व्हिएन्नाचा ऑपेरा. जुलै-ऑगस्टमध्ये तो बंद असतो, मार्चमध्ये हंगाम भरात, आणि उभ्याने बघायची तिकिटं थोडक्या युरोत मिळतात. तीन-तीन तास उभं राहायचं ऐकून भाचा गप्प झाला. भाचेसून जाणार, तो हॉटेलवर झोपणार, असं तूर्त ठरलंय.